पिशवीभर पानगळ



जानेवारीच्या शेवटापासून आमच्या बाल्कनीत एक कापडी पिशवी टांगलेली होती. आमचे हे रोज सकाळी पेपर वाचायला तिथे बसतात. चार दिवस त्यांनी काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "हा कचरा घंटागाडीत टाकायचा आहे का जपून ठेवायचा आहे?" मी म्हटलं, "जपून ठेवायचा आहे." बेचाळीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे त्यांना कळतं. ते पुन्हा पेपरात शिरले.

त्या पिशवीत काय होतं आणि ती कुठून आली, ते आज सांगते. थोडं लांबेल, कारण त्यात माझा एक अबोलाही गुंतलेला आहे आणि तो सांगायला मला सोपा जात नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे की कार्तिकातल्या अष्टान्हिकेत आमच्या मंदिरात सिद्धचक्र विधान होतं आणि त्याचा मांडणा बावीस वर्षं मी आणि माझी सांगलीची मैत्रीण, अशा दोघी भरत होतो. मी माहेरची कोल्हापूरकडची, ती सांगलीची. दोघी लग्न होऊन पुण्यात आलो आणि मंदिराच्या ओट्यावर एकमेकींना सापडलो. सिद्धचक्राचा मांडणा म्हणजे काय काम असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. पहिल्या पूजेला आठ अर्घ्य, दुसरीला सोळा, मग बत्तीस, असं दुप्पट होत होत आठव्या दिवशी १०२४. सगळी मिळून २०४०. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे हा हिशेब मला फार आवडायचा. वर्तुळात वर्तुळ, प्रत्येकात कोठे मोजून घ्यायचे, रंगीत तांदूळ चिमटीत धरून रेषेवर सोडायचे. दोन दिवस मान मोडून बसायचो. तांदळाचा एक दाणा इकडचा तिकडे झालेला मला चालायचा नाही.

मग माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, वयाचा कंप आहे. काळजीचं नसेल, पण चहाची बशी वाजायची. मी कप दोन्ही हातांनी धरायला लागले आणि माझ्यापुरतं ठरवून टाकलं की हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या आधीच्या कार्तिकात मी नेहमीप्रमाणे तांदूळ रंगवून, वाळवून, डबे भरून मंदिरात गेले, तर ओट्यावर छापील फ्लेक्स अंथरलेला. चकचकीत, रेषा कशा सरळ, रंग कसे भडक. मी कमिटीतल्या एका भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "काकू, तुम्हाला त्रास नको म्हणून. तुमच्या मैत्रिणीनंच सुचवलं."

मी डबे घेऊन घरी आले. त्या तांदळाचं काय करावं तेही कळेना.

त्यानंतर चौदा महिने मी तिच्याशी बोलले नाही. मंदिरात समोरासमोर आलो तर जय जिनेंद्र व्हायचं, तेवढंच. महिला मंडळाचे हिशेब लिहायची वही मी दुसऱ्या ताईंकडे दिली. वाटेल ते सांगितलं, गुडघे दुखतात, नातीची शाळा आहे. आणि क्षमावाणीला काय केलं असेल? तिच्या मोबाइलवर गुलाबाच्या फुलांचं चित्र पाठवलं, वर 'उत्तम क्षमा' लिहिलेलं. ज्या शंभर जणींना पाठवलं त्यांतलीच ती एक. तिचंही तसलंच चित्र आलं, कमळांचं. संवत्सराचा हिशेब झाला म्हणायचा! जमा तेवढंच नावे.

तर अशा मनःस्थितीत सूनबाई जानेवारीत म्हणाली, "आई, एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन आहे, चला." मी नको म्हणाले. नात माझ्या हाताला लोंबकळली. नातीपुढे कुणाचं चालतं?

पुण्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. एम्प्रेस गार्डन म्हणजे कॅम्पात रेसकोर्सजवळची जुनी बाग, सुमारे ३९ एकरांची. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळाला, त्यावरून हे नाव. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था बाग सांभाळते आणि दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तिथे फुलांचं प्रदर्शन भरवते. पुण्याच्या थंडीत पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, पॅन्सी, साल्व्हिया ही हंगामी फुलं नुसती उधळलेली असतात. गुलाबांच्या स्पर्धा असतात, भाज्या-फळांच्या असतात, कुंड्यांच्या असतात, बोन्साय असतं, निवडुंग असतात. रोपवाटिकांचे स्टॉल, खतं, कुंड्या, आणि अर्थातच खायचे स्टॉल. तिथे आपण आपला घरचा डबा काढायचा आणि नातवंडांची समजूत काढत बसायचं.

एक मनातली गोष्ट सांगते. फुलांच्या प्रदर्शनाला जाताना मला नेहमी जरा अपराधी वाटतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की वनस्पतीतही एक इंद्रिय असलेला जीव आहे. माझ्या आजीनं संध्याकाळनंतर तुळशीच्या पानालाही हात लावू दिला नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत पूजेच्या आठ द्रव्यांतलं पुष्प म्हणून केशरात रंगवलेले तांदूळच वाहतात. आमच्या दक्षिणेकडे खरी फुलं वाहायची चाल आहे, माझ्या माहेरी परसातली शेवंती परडीत भरून जायची. मी दोन्ही पाहिलंय, दोन्हीकडे भाव पाहिलाय, म्हणून त्या वादात मी पडत नाही. पण पाण्याच्या बाटल्यांत एकेक गुलाब खोचून ओळीनं उभे केलेले पाहिले की एकीकडे डोळ्यांचं पारणं फिटतं आणि दुसरीकडे आजी आठवते.

भाज्यांच्या टेबलापाशी तर गंमतच झाली. लालबुंद गाजरं, हातभर लांब मुळे, बीट, रताळी, आणि त्यांच्यापुढे बक्षिसाच्या चिठ्ठ्या. नात मोठ्यानं म्हणाली, "आजी, पहिला नंबर सगळा आपण न खाणाऱ्यांचाच आला!" शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. दोडक्याला तिसरं बक्षीस होतं, त्यावर आम्ही समाधान मानलं.

बोन्सायपुढे मला थांबवेना. लोक तासन्‌तास उभे राहतात, त्या कलेला चिकाटी लागते हे खरं. पण तारेनं वळवलेल्या फांद्या आणि ताटलीएवढ्या मातीत बसवलेला वड पाहून मला वाटलं, याला कुणी विचारलं का? हे माझं मत. माझ्या सुनेला बोन्साय आवडतं.

पुष्परचनेच्या मंडपात शिरलो आणि तिथे मात्र माझे पाय थबकले.

जपानी पद्धतीच्या रचना होत्या, इकेबाना म्हणतात त्या. क्योतोच्या एका बौद्ध मंदिरात मूर्तीपुढे फुलं ठेवण्याच्या रीतीतून तिची सर्वांत जुनी परंपरा निघाली असं मी पूर्वी वाचलं होतं, म्हणून आधीपासून थोडी जवळीक वाटायची. पसरट भांडं असतं, त्यात खिळ्यांची जड चकती ठेवतात, तिला केन्झान म्हणतात, आणि तिच्यावर दोन-तीन काड्या खोचतात. आपल्यासारखं गच्च गुच्छ भरायचं काम नाही.

एका कोपऱ्यात वाळलेल्या साहित्याची रचना होती. काळं भांडं. त्यात एक वाकडी, साल गेलेली फांदी एका बाजूला झुकलेली. तिच्या पायथ्याशी दोन शेंगा आणि एक जाळी झालेलं पिंपळपान. बस. भांड्याचा उरलेला सगळा भाग रिकामा.

नात म्हणाली, "आजी, यांचं बाकीचं करायचं राहिलं का?"

मी हसले, पण मला उत्तर देता येईना. कारण बावीस वर्षांत मी एकही कोठा रिकामा सोडला नव्हता. रिकामं म्हणजे राहून गेलेलं, असंच मी धरून चालले होते. आणि ही फांदी अशी वाकडी, की माझ्या हातून चुकून तशी रेष आली असती तर मी पुसून टाकली असती. इथे तर त्या वाकडेपणावरच सगळी रचना उभी होती. मी तिथे दहा मिनिटं तरी उभी असेन. सूनबाईनं विचारलं, "आई, पाय दुखतायत का?"

मंडपातून बाहेर येऊन आम्ही जुन्या झाडांच्या बाजूला गेलो. तिकडे गर्दी कमी होती. सावलीत पाचोळ्याचा थर होता, पावलाखाली चुरचुर वाजत होता. एक तरुण मुलगा मैत्रिणीचा फोटो काढत होता. फुलांची एक डहाळी त्यानं खाली ओढली, ती तिच्या गालाशी धरली आणि ती कटकन मोडली.

नातीनं ताबडतोब विचारलं, "आजी, हा कितवा? तिसरा का चौथा?"

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं. पाठशाळेत त्या महिन्यात त्यांना लेश्यावृक्ष शिकवत होते.

ते चित्र आपण सगळ्यांनी मंदिराच्या भिंतीवर पाहिलंय. रानातून जाणारे सहा भुकेले वाटसरू आणि फळांनी लगडलेलं झाड, कुठे जांभळाचं काढतात, कुठे आंब्याचं. पहिला म्हणतो, झाड मुळापासून उपटू. दुसरा म्हणतो, खोडापासून तोडू. तिसरा मोठी फांदी तोडू म्हणतो, चौथा लहान डहाळी, पाचवा म्हणतो नुसती फळं तोडून घेऊ. सहावा खाली वाकतो आणि पडलेली फळं वेचून खातो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती ज्या चामुंडरायानं उभारली, त्याचे गुरू नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसारात लेश्येचं हे उदाहरण आहे. म्हणजे हजार वर्षं तरी आपण ते मुलांना सांगतोय.

"चौथा," मी म्हटलं. "आणि हळू बोल."

"म्हणजे पीत. म्हणजे फार वाईट नाही," ती म्हणाली आणि खाली बसून पानं वेचायला लागली.

मी तिच्याकडे बघत होते. तिनं फ्रॉकच्या ओच्यात शेंगा, साली, पानं असं काय काय भरलं होतं. आणि मला एकदम ते काळं भांडं आणि हे झाड एकत्र दिसलं. लेश्यावृक्ष आपण आयुष्यभर रंगानं काढतो, छापतो, भिंतीवर टांगतो. सहाव्या माणसाची गोष्ट सांगायची आणि ती सांगायला फ्लेक्स छापायचा. ती गोष्ट त्याच्याच पद्धतीनं का मांडू नये? नुसत्या पडलेल्या वस्तूंतून. एकही पान न तोडता. आणि तांदळाची बारीक रेष नसली म्हणजे माझा हातही चालेल. साल वाकडीच असते.

मैत्रिणींनो, चौदा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या बोटांना काहीतरी करावंसं वाटलं.

पण उचलायचं म्हणजे तरी कसं? बाग संस्थेची. आपल्याकडे न दिलेली वस्तू घेणं यालाच चोरी म्हटलंय, मग ती पाचोळ्याची का असेना. मी झाडणाऱ्या माळीदादांना गाठलं आणि विचारलं. त्यांना आधी वाटलं, मी थट्टा करतेय. मग म्हणाले, "आजी, न्या की पोतंभर. आमचा खताचा खड्डा भरलाय." मी पिशवीभरच घेतलं. पोतं घ्यायचं मनात आलं नव्हतं असं नाही.

आता गाडीतली गोष्ट. मी सुनेला माझी कल्पना सांगत होते, उत्साहात होते, आणि बोलता बोलता म्हणून गेले, "फ्लेक्सवाल्यांना दाखवते आता." सूनबाई गाडी चालवत होती. जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर सांगते. तुम्ही शेवटचा मांडणा भरलात ना, त्या रात्री मी तुमचा चष्मा आणायला मंदिरात परत गेले होते. साडेदहा वाजले होते. काकू एकट्याच बसल्या होत्या. बाहेरची दोन वर्तुळं पुसून पुन्हा भरत होत्या. मला म्हणाल्या, आईंना सांगू नकोस."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. गोळीबार मैदानाचा सिग्नल लागला, सुटला.

तुम्हाला वाटेल मला लगेच भरून आलं असेल. तसं झालं नाही. आधी रागच आला. म्हणजे ती माझी कीव करत होती! पुढच्या वर्षी लोकांसमोर माझी वर्तुळं वाकडी दिसू नयेत म्हणून तिनं फ्लेक्स सुचवला आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. मला सांगायला हवं होतं. रात्री अंथरुणावर पडून मी हेच घोळवत होते. मग मनात आलं, तिनं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तेव्हाही बोलणं तोडलंच असतं, फक्त वर्षभर आधी. नातीचा प्रश्न आठवला, हा कितवा? डहाळी मोडणाऱ्या त्या पोराला मी चौथा ठरवून मोकळी झाले होते. मी चाळीस वर्षांची मैत्री कुठून धरली होती, ते मी काही मोठ्यानं बोलले नाही. हे घोरत होते.

दुसऱ्या दिवशी विजेच्या जुन्या बिलाच्या मागे मी हिशेब मांडला. ही माझी सवय. कापड नको, रंग नको. वाण्याकडून एक रिकामं गोणपाट घेतलं, धुऊन, वाळवून, सुरकुत्या काढून. त्यावर चिकटवण्यापेक्षा शिवायचं ठरवलं, दाभणानं. मैत्रिणींनो, ज्यांचे हात थरथरतात त्यांना माझं सांगणं आहे, बारीक सुई सोडा आणि दाभण घ्या. मुठीत धरता येतं. गोणपाटाची वीण मोठी असते, दाभण आपोआप वाट काढतं आणि टाका इकडेतिकडे गेला तरी साल शिवल्यासारखीच दिसते.

खोडाला अर्जुनाच्या सालीचे पापुद्रे. ते झाड स्वतःच टाकतं. सहा माणसांसाठी गुलमोहराच्या काळ्या शेंगा. सहाही माणसं एकाच झाडाच्या शेंगांची केली, कपडे तेवढे वेगळे. कृष्णाला काही नेसवलं नाही, शेंगच काळी. नीलसाठी आमच्याच बाल्कनीतल्या गोकर्णीची सुकून गळलेली फुलं, ती वाळली तरी निळीच राहतात. कापोताला करड्या सालीचा तुकडा. पीताला पिंपळाचं पिवळं पान. पद्माला देशी बदामाचं पान. हिवाळ्यात ते झाड पानं टाकताना इतकी लाल करतं की शालूच्या काठाला लावावं.

शुक्लावर गाडी अडली. पांढरं काय आणायचं? कापूस विकत आणला असता, पण मग पडलेलं वेचलं कुठे? विचार करता करता रुई आठवली. रुईचं बोंड सुकून फुटलं की आतून ते रेशमासारखे पांढरे तंतू उडतात. लहानपणी आपण त्यांच्यामागे धावायचो, म्हातारी म्हातारी करत. आणि रुई कुठे आहे, तर सांगलीच्या मैत्रिणीच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर. दुसरीकडे कुठे मला माहीत नव्हती. खरंच नव्हती. म्हणजे शोधली असती तर सापडली असती.

फेब्रुवारीच्या शेवटी मी फोन लावला. तिनं उचलला आणि 'हॅलो'ही म्हणाली नाही.

मी म्हटलं, "तुझ्या मागच्या प्लॉटवर रुई आहे का अजून?"

ती म्हणाली, "आहे. बोंडं फुटली नाहीत अजून. महिनाभर थांबावं लागेल."

"थांबते," मी म्हटलं.

"गुडघे कसे आहेत?" तिनं विचारलं.

"गुडघ्यांना काही झालं नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मार्चच्या शेवटी ती स्वतः आली, जुन्या पेढ्यांच्या खोक्यात बोंडं घेऊन. आपोआप फुटून पडलेलीच आणली होती. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर वाईट, म्हणून ओली बोंडं हाताळू नका, लेकरांना तर मुळीच देऊ नका. आल्या आल्या तिनं माझं गोणपाट जमिनीवर पसरलं, चष्मा लावला आणि पहिलीच चूक काढली.

"या शेंगांत बिया आहेत, बाई. बी सचित्त. तू शिवून टाकलीस की ग!"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साली आणि पानं मी धान्य निवडावं तशी एकेक बघून घेतली होती, कुठे मुंगी नाही, कोळ्याचं घर नाही, पण शेंगांच्या आतलं विसरले. मग आम्ही दोघींनी बसून सहाही माणसं उसवली, शेंगा उकलल्या, बिया काढून वाटीत ठेवल्या आणि माणसं पुन्हा शिवली. दाभण एकच होतं. ती दोन टाके घालायची, मी दोन. माझा हात थरथरत होता आणि मी तो लपवत नव्हते, तीही बघत नाही असं दाखवत नव्हती. त्या रात्रीच्या दोन वर्तुळांचा विषय मी काढला नाही. तिनंही काढला नाही. जाताना मी तिला रंगीत तांदळाचा एक डबा दिला, अजून तसाच ठेवलेला होता. तिनं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "किडे झाले नाहीत, बरी वाळवलीस."

एका गोष्टीवरून मात्र वाजलं. गोणपाटाचा उजवीकडचा वरचा भाग मी मोकळाच ठेवला होता. ती म्हणाली, इथे दोन पक्षी कर, नाहीतर सूर्य कर, उघडंबोडकं दिसतंय. मी म्हटलं, नाही, हे असंच. तिला इकेबाना सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुम्हा कोल्हापूरकरांचं काही कळत नाही." पण हात लावला नाही.

महावीर जयंतीला, चैत्र शुद्ध त्रयोदशीला, ते मंदिराच्या सभागृहात लावलं. खाली थाळीत मूठभर वाळलेली पानं ठेवली होती, पाठशाळेच्या मुलांनी एकेक पान घ्यायचं आणि आज आपण कुणाशेजारी उभे आहोत असं वाटतं, त्या माणसाखाली ठेवायचं. एका मुलानं पहिल्यापाशी ठेवलं आणि छाती काढून सांगितलं, "मी सकाळी बहिणीचे केस ओढले." एका ताईंचं पान बराच वेळ हातातच राहिलं. ज्या भाऊंनी मला फ्लेक्सचं सांगितलं होतं, ते येऊन म्हणाले, "काकू, हे छापून घेऊ या का, सगळ्या मंदिरांना देता येईल." माझी मैत्रीण त्यांच्याकडे अशी बघायला लागली की ते प्रसादाच्या बाजूला निघून गेले.

दुपारी उकाडा वाढला तसं कुणीतरी कोपऱ्यातला मोठा पंखा सुरू केला. रुईचे तंतू मी नुसते दोऱ्यात गुंडाळले होते. बघता बघता सहाव्या माणसाच्या अंगावरून एकेक म्हातारी सुटली आणि सभागृहभर तरंगायला लागली. मुलं उड्या मारून पकडायला धावली. मी "पंखा बंद करा" म्हणेपर्यंत शुक्लाच्या अंगावर एक तंतू उरला नाही, नुसती शेंग.

माझी नात ओरडली, "आजी, सहावा दिगंबर झाला!"

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग माझ्या मैत्रिणीला हसू फुटलं. ती भिंतीला धरून हसायला लागली, तिचं बघून मी, आणि मग सगळ्या जणी. मी डोळे पुसून दाभण शोधायला पिशवीत हात घातला, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तसाच राहू दे त्याला."

ते गोणपाट आता पाठशाळेच्या खोलीत आहे.